परमिट आईच्या नावावर होतं

आमच्या घरी देवघराखालच्या फडताळात रेक्झिनची एक निळी पिशवी असायची. तिच्यात टॅक्सीचे कागद. आरसी बुक, परमिट, विमा, पासिंगचा दाखला, टॅक्सच्या पावत्या, पुढे पीयूसी. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार आणि पिशवीला हळदकुंकू. बाबा म्हणायचे, गाडी बिघडली तर गॅरेजवाला आहे, कागद बिघडला तर कोणी नाही.

बाबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा कधी नीट सुरू झालीच नाही. आमच्या चाळीतल्या कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वॉचमन झाला, कोणी गावची वाट धरली. बाबांनी लायसन्स काढलं, बॅज काढला आणि दुसऱ्याच्या टॅक्सीवर रातपाळी धरली. १९८६ मध्ये त्यांना स्वतःचं परमिट मिळालं. त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले ते गाडीचे नव्हे, परमिटचे. गाडी यायला अजून चार महिने होते.

१९९९ च्या फेब्रुवारीत बाबा गेले. तेराव्याला स्टँडवरचे चार ड्रायव्हर आले होते. त्यांतल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, ताई, तीस दिवसांच्या आत आरटीओला कळव आणि तीन महिन्यांच्या आत आईच्या नावावर करायचा अर्ज टाक, नाहीतर परमिट जाईल. मोटार वाहन कायद्याच्या ८२ व्या कलमात हे लिहिलेलं आहे, हे मला नंतर कळलं. परमिट हे घरासारखं किंवा दागिन्यासारखं वारसाने आपोआप येत नाही. मालक मेल्यावर वारसाला ते तीन महिने वापरता येतं, तेही तीस दिवसांत कळवलं असेल तरच. पुढे हस्तांतराची परवानगी मागावी लागते. तेव्हा मी महापालिकेच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. दुपारची शाळा सुटली की फाइल घेऊन रांगेत उभी राहायचे.

त्याच आठवड्यात एक एजंटही घरी येऊन गेला. त्याने आईपुढे एक रक्कम ठेवली. बाबांच्या दोन वर्षांच्या कमाईपेक्षा ती मोठी होती. गाडी नको, फक्त परमिट द्या, म्हणाला. आईला काही कळेना. पाच वर्षं जुन्या पद्मिनीला कोणी विचारत नव्हतं आणि एका कागदाला एवढा भाव कसा?

कारण १९९७ मध्ये राज्य सरकारने टॅक्सी आणि रिक्षाची नवी परमिटं देणं बंद केलं होतं. कायद्याच्या ७४ व्या कलमात तशी सोय आहे. पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात अशा वाहनांच्या संख्येवर मर्यादा घालता येते. रस्ते अरुंद, धूर फार, गाड्या पुरेशा झाल्या, असा त्यामागचा विचार. विचार वाईट नव्हता. पण दार बंद झालं त्या दिवशी जो आत होता त्याच्या हातात किंमत आली आणि जो उंबऱ्यावर होता तो तिथेच राहिला. दार उघडलं ते थेट २०१७ मध्ये. वीस वर्षांनी.

उंबऱ्यावर राहिलेल्यांपैकी एका माणसाबद्दल मला सांगायचं आहे.

आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. जौनपूरकडचे. १९७६ मध्ये मुंबईत आले, १९७८ मध्ये बॅज काढला, म्हणजे बाबांच्या आधी कितीतरी. बाबांची गाडी रात्री तेच चालवायचे. बाबा गेल्यावर दिवसपाळी त्यांनी घेतली आणि रात्रीला दुसरा बदली ड्रायव्हर ठेवला. आईच्या नावावर परमिट झालं. आई आयुष्यात कधी स्टेअरिंगला बसली नव्हती. रोज रात्री साडेनऊला चाचा दारात चपला काढायचे, ठरलेले पैसे टेबलावर ठेवायचे, पाणी प्यायचे आणि जायचे. पाऊस असो, बंद असो, दंगलीची अफवा असो, धंदा झालेला असो वा नसो, ठरलेले पैसे ठरलेले. बंदच्या दिवशी आई अर्धे परत करायची. चाचा घ्यायचे नाहीत, मग ती डबा भरून द्यायची.

त्या पैशांवर माझ्या भावाचा डिप्लोमा झाला. आईची मधुमेहाची औषधं चालली. माझ्या लग्नातही त्यातले होते. आम्ही काहीही बेकायदा केलं नाही. परमिटधारकाने बॅजवाला ड्रायव्हर ठेवावा, ही मुभा आहे. हस्तांतराची परवानगी मागून परमिट चाचांच्या नावावर करता येईल, हेही मला ठाऊक होतं. मी ते आईला सुचवलं नाही. सुचवलं असतं तर घर कशावर चालवायचं, हा प्रश्न माझ्यापुढे होता आणि मी तो मनातच ठेवला. १९९७ मध्ये चाचा बेचाळीस वर्षांचे होते. २०१७ मध्ये बासष्ट. मी एकदा त्यांना म्हटलं, आता मिळतंय, अर्ज करा. ते म्हणाले, अब कौन बँक लोन देगा, बेटी.

हे घरचं उणंदुणं मी वर्तमानपत्रात मांडते आहे, कारण सध्या टॅक्सीच्या परवान्याबद्दल जे बोललं जातं ते दोनच सुरांत. एक म्हणतो, परमिटराज मोडून टाका, ज्याला गाडी चालवायची त्याला चालवू द्या, बाजार बघून घेईल. दुसरा म्हणतो, काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं संरक्षण करा, परमिटं पुन्हा गोठवा. मला दोन्ही मान्य नाहीत. परवाना हवाच. पण तो गाडी चालवणाऱ्याच्या नावावर हवा.

परवाना कशाला असतो हे आपण विसरलो आहोत. मुंबईत भाड्याच्या वाहनांना परवाना हा काही आजचा प्रकार नाही. मोटार येण्याच्या कितीतरी आधी, १८६३ मध्ये, इथे त्यासाठी कायदा झाला. पुढे १९२० चा सार्वजनिक वाहनांचा कायदा आला, ज्याच्याखाली परवापरवापर्यंत व्हिक्टोरिया चालत होत्या. घोडागाडीच्या काळातही विचारलं जायचं ते हेच : हाकणारा कोण, जनावर आणि गाडी धड आहे का, भाडं किती घेणार. रस्त्यात हात दाखवून अनोळखी माणसाच्या गाडीत बसणाऱ्याला या तीन गोष्टी स्वतः तपासता येत नाहीत. म्हणून शहराने त्याच्या वतीने त्या आधी तपासायच्या. लायसन्स, बॅज आणि पोलिसांची चारित्र्य पडताळणी पहिल्या प्रश्नासाठी, पासिंग दुसऱ्यासाठी, मीटर तिसऱ्यासाठी. सगळा डोलारा प्रवाशासाठी उभा आहे.

पासिंग म्हणजे काय ते टॅक्सीवाल्याच्या घरात वाढल्याशिवाय कळत नाही. नवी गाडी पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंगला जाते, त्यानंतर दर वर्षी. आठवडाभर आधी गाडी गॅरेजला. पत्रा ठोकायचा, काळा आणि पिवळा रंग मारायचा, फाटलेल्या सीटवर नवं कव्हर, दिवे, हॉर्न, वायपर. मीटरचं सील शाबूत हवं. सीएनजीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, तिचा कागद वेगळा. मग पहाटे उठून रांग. दोन-तीन दिवसांचा धंदा बुडतो तो बुडतोच. उशीर झाला तर डिसेंबर २०१६ च्या केंद्राच्या नियमाने दिवसाला ५० रुपये दंड. शंभर दिवस गाडी बंद पडली तर पाच हजार. हा दंड २०२४ मध्ये महाराष्ट्रात वसूल होऊ लागला तेव्हा टॅक्सी-रिक्षावाल्यांनी एवढा आरडाओरडा केला की त्याच पावसाळ्यात सरकारला स्थगिती द्यावी लागली. आजारपणात गाडी उभी राहिलेल्या माणसाला दिवसावर दंड लावणं मला पटत नाही. पण पासिंग नको असं म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही मी नाही, आणि त्याचं कारण २००७ चा पावसाळा आहे.

त्या वर्षी चाचांनी मे महिन्यातच सांगितलं होतं, मागचे दोन्ही टायर गेलेत. टायरचा खर्च मालकाचा, म्हणजे आमचा. भावाच्या फीचे दिवस होते. आई म्हणाली, गणपतीनंतर बघू. मध्येच पासिंग आलं. गॅरेजवाल्याने पासिंगपुरते बरे टायर लावून दिले. गाडी पास झाली. तिसऱ्या दिवशी चाचांनी ते टायर परत केले आणि जुने चढवले. पंधरा दिवसांनी सकाळच्या पावसात, फोर्टकडे जाताना, ब्रेक मारला तशी गाडी घसरून दुभाजकावर गेली. मागे एक बाई मांडीवर मुलगा घेऊन बसल्या होत्या. मुलाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. तीन टाके पडले. पोलीस आले, त्यांनी कागद मागितले. निळी पिशवी उघडली. एकही कागद कमी नव्हता.

त्या रात्री चाचा आईसमोर बसून रडले. चूक त्यांची नव्हती. टायर गेले आहेत हे ज्याला माहीत होतं त्याच्या हातात खर्चाचा अधिकार नव्हता, आणि ज्यांच्या हातात होता त्या आम्ही त्या गाडीत कधी बसतच नव्हतो. चाचांची स्वतःची गाडी असती तर त्यांनी उधारी करून टायर घातले असते, कारण त्या टायरवर ते स्वतः बसणार होते. मालक आणि चालक वेगळे झाले की गाडीची काळजी दोघांच्या मधल्या फटीतून खाली पडते. माझं सगळं म्हणणं या एका सकाळीतून आलेलं आहे.

इथे थोडं न्यूयॉर्ककडे बघावं लागतं. तिथे १९३७ च्या हास कायद्याने टॅक्सीची संख्या बांधली गेली. परवान्याचा पत्रा गाडीच्या बॉनेटवर बसतो, त्याला मेडॅलियन म्हणतात. पुढे ते थोडेच वाढवले, आणि तो पत्रा विकता येत होता, गहाण टाकता येत होता. २०१४ पर्यंत एका मेडॅलियनची किंमत दहा लाख डॉलरवर गेली. मग फोनवरून बोलावायच्या गाड्या आल्या आणि भाव कोसळला. कर्ज काढून मेडॅलियन घेतलेले चालक, त्यांत भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून गेलेले अनेक, बुडाले. २०१८ मध्ये तिथल्या काही चालकांनी आत्महत्या केल्या. आपल्याकडे रक्कम लहान होती, कागद चोरून विकला जायचा, एवढाच फरक. संख्या बांधायची आणि परवाना मोकळा फिरू द्यायचा, हे दोन्ही एकत्र केलं की परवाना गाडी चालवणाऱ्याकडून निघून पैसेवाल्याकडे जातो. मुंबईत ते झालं, न्यूयॉर्कमध्ये झालं, आमच्या घरातही झालं.

२०१७ मध्ये आपल्याकडे दार उघडलं तेही विचार करून नव्हे. तोवर भिंतीला वळसा घालून दुसरा रस्ता पडलेला होता. टुरिस्ट परमिटच्या गाड्या अॅपवर येऊन शहरात रोजची भाडी करू लागल्या होत्या. त्यांना मीटर नाही, संख्येची मर्यादा नाही. काळ्या-पिवळ्याचा मीटर कसा चालतो पाहा. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत दीड किलोमीटरचं किमान भाडं २८ वरून ३१ रुपये झालं. त्या तीन रुपयांसाठी शहरातला प्रत्येक मीटर उघडून नव्याने जुळवायचा, तपासून घ्यायचा, सील करून घ्यायचा. तोवर चालकाने टॅरिफ कार्ड दाखवायचं. आणि केंद्राने त्याच वर्षीच्या जुलैत अॅप कंपन्यांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत आकारायला मोकळीक आहे. २०२० च्या सूचनांत ती दीडपट होती. एकाच सिग्नलला उभ्या असलेल्या दोन गाड्या, दोघींच्या मागच्या सीटवर पैसे देऊन बसलेलं माणूस, आणि शहराचा हिशेब दोघींना वेगवेगळा.

अॅपच्या गाड्या बंद करा असं मी म्हणत नाही. रात्री अकराला मुलीला स्टेशनवरून आणताना मीही फोनच उघडते, कारण स्टँडवरचा चालक जवळचं भाडं नाकारतो. भाडं नाकारणं हा कायद्याने गुन्हा आहे. परवाना प्रवाशासाठी आहे म्हणायचं तर टॅक्सीवाल्यांनी आणि त्यांच्या युनियन्सनी हे स्वतःहून थांबवायला हवं होतं. त्यांनी थांबवलं नाही आणि त्याची किंमत सगळे काळे-पिवळेवाले मोजत आहेत. पण तिकडेही आता तोच खेळ मोठ्या प्रमाणावर चालू आहे. गाडी एकाची, कर्ज दुसऱ्याच्या नावावर, चालक तिसरा, आणि भाड्याचा दर ठरवणारा चौथा. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याच्या ९३ व्या कलमात अॅप कंपन्यांना लायसन्स घेणं बंधनकारक झालं. ते योग्यच झालं. पण लायसन्स कंपनीला दिल्याने मागच्या टायरची जबाबदारी कोणाची हे ठरत नाही.

जुन्या गाड्यांच्या वयाबद्दल मात्र मला फारसं बोलायचं नाही. २०१३ मध्ये मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आली. शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला टॅक्सी म्हणून नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. लोकांनी फोटो टाकले, हळहळले. आमची पद्मिनी २०१४ मध्येच भंगारात गेली. दोन पाळ्यांत वीस वर्षं धावलेल्या गाडीचा पाय ठेवायचा पत्रा कसा होतो हे मी पाहिलं आहे. मर्यादा बरोबर होती. माझी तक्रार आहे ती तिच्या जागी आलेल्या गाड्यांना मंजुरी देताना केलेल्या विचाराबद्दल. छोटी गाडी, डिकीत सीएनजीचं सिलिंडर, टपावर कॅरिअर असेल तर असेल. कोकणातून सणाला जाऊन आलेलं कुटुंब पोती, फणस आणि दोन बॅगा घेऊन दादरला उतरतं तेव्हा ते सामान कुठे ठेवायचं, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही.

मग काय करावं? मी नियम लिहिणारी नाही, निवृत्त शिक्षिका आहे, तरी सांगते. परमिट माणसागणिक एक, आणि तो माणूस बॅजवाला चालक असावा. त्याने रातपाळीला जोडीदार ठेवावा, पण त्याचं नाव आणि बॅज क्रमांक परमिटवर नोंदलेला असावा. चालक मेला तर त्याच्या विधवेला आणि मुलांना रस्त्यावर टाकू नये, हे मी सांगायला नकोच. त्यांना पाच-सात वर्षांची मुदत द्यावी. त्या मुदतीत घरातलं कोणी बॅज काढून गाडीवर बसलं तर परमिट त्याचं. नाही बसलं तर जो गाडी चालवत होता त्याचा पहिला हक्क, आणि त्याने कुटुंबाला किती द्यायचे हे परिवहन खात्याने उघडपणे ठरवून द्यावं. आईला तसे हप्ते मिळाले असते, तर एजंटची रक्कम ऐकून तिची झोप उडाली नसती, आणि मलाही चाचांसमोर इतकी वर्षं गप्प बसावं लागलं नसतं.

पासिंगचा तो एक दिवस पुरे नाही. सीएनजी पंपावर रोज तासतास टॅक्स्यांच्या रांगा असतात. तिथे निरीक्षकाने जावं, टायर बघावेत, ब्रेक बघावेत. दोष निघाला तर दंड न करता आठ दिवसांची मुदत द्यावी, आणि तो दोष परमिटधारकाच्या फोनवर कळवावा. त्याने दुर्लक्ष केलं तर मग परमिटला हात लावावा. अॅपच्या गाड्याही त्याच पंपावर गॅस भरतात, त्यांनाही हेच लागू करावं. पिवळी नंबरप्लेट एकच आहे, तर तपासणीही एकच असावी.

चाचा मे २०२० मध्ये टाळेबंदीत गावी गेले ते परत आले नाहीत. पुढच्या वर्षी आई गेली. तीस दिवसांच्या आत मी कळवलं. या वेळी हस्तांतराचा अर्ज केला नाही, परमिट परत केलं. आमच्या घरात ते चालवणारं कोणी नव्हतं, आणि खरं तर बाबा गेल्यापासून कधीच नव्हतं.

परिवहन खात्याला माझी एकच विनंती आहे, आणि तिला खर्च नाही. १९९९ मध्ये मी भरलेल्या अर्जात मृताचं नाव, वारसाचं नाव, नातं, पत्ता, गाडीचा क्रमांक एवढं होतं. त्यात आणखी एक ओळ घाला : गेली पाच वर्षं ही गाडी कोणी चालवली, त्याचं नाव आणि बॅज क्रमांक. ती ओळ वाचल्याशिवाय अर्ज मंजूर करू नका.